जठराला सूज आली की भूक कुठे जाते?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलंय: "आई ५४ वर्षांची. वर्षभर दोन घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं, अन्नावरची वासनाच उडाली होती. वजन ५२ वरून ४६ किलोवर आलं. दुर्बिणीची तपासणी केली तेव्हा जठराला सूज आणि एच. पायलोरी पॉझिटिव्ह निघालं. १४ दिवसांचा कोर्स केला, तेव्हा तर उरलीसुरली भूकही गेली. कोर्स संपून आता सहा आठवडे झाले. थोडं खाते, पण पूर्वीसारखं नाही. गावातल्या डॉक्टरांनी भुकेचं सिरप लिहून दिलंय. एका जंतूमुळे भूक जाते कशी? भुकेचे हॉर्मोन रक्तात तपासता येतात म्हणे, ते करून घेऊ का? आणि माझी बहीण म्हणते जंतू गेला की माणूस जाड होतो, हे खरं का?"

ताई, एक गोष्ट सगळ्यात आधी लिहितो, कारण ती शेवटी लिहिली तर वाचायची राहून जाते. चोपन्नाव्या वर्षी सहा किलो वजन आपोआप उतरणं, म्हणजे मूळ वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त, हे एकट्या एच. पायलोरीच्या नावावर टाकून मोकळं व्हायचं नसतं. भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या जठरात हा जंतू असतो आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळे जंतू सापडला म्हणजे दुखणं सापडलंच असं धरता येत नाही. आईच्या फाइलमध्ये दुर्बिणीच्या रिपोर्टशिवाय बायोप्सीचा वेगळा कागद आहे का ते आज बघा. नसेल, तर ज्यांनी दुर्बीण टाकली त्यांना विचारा की जठराचा तुकडा पॅथॉलॉजीला पाठवला होता का. छातीचा एक्स-रे, रक्तातली साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन एवढं झालं नसेल तर करून घ्या. आणि आईजवळ निवांत बसा. झोप लागते का, मनाला काही लागलंय का, ते विचारा. मन उतरलं की वजन उतरतं, आणि या वयातल्या बायका ते स्वतःहून सांगत नाहीत.

हे सगळं नीट असेल तर आता भुकेकडे वळू.

जठर म्हणजे अन्न घुसळायची पिशवी, असं आपण शाळेत शिकलो. मी वैद्यकीय महाविद्यालयात होतो तेव्हा आम्हालाही भूक म्हटलं की मेंदूच शिकवला जायचा. जठर त्यात हुकमाचा ताबेदार. १९९९ साली जपानमध्ये मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी उंदराच्या जठरातून एक हॉर्मोन वेगळं काढलं आणि त्याला घ्रेलिन असं नाव दिलं. २८ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी. तिच्या तिसऱ्या कडीला आठ कार्बनचं एक स्निग्धाम्ल चिकटलं, तरच ती मेंदूतल्या भुकेच्या केंद्राला जागं करते. घ्रेलिन बनवणाऱ्या पेशी सगळ्यात दाटीने असतात त्या जठराच्या वरच्या घुमटासारख्या भागात आणि त्याखालच्या मधल्या भागाच्या अस्तरात. काही कारणाने पूर्ण जठर काढावं लागलं, तर रक्तातलं घ्रेलिन सुमारे दोन-तृतीयांशाने घसरतं. वजन कमी करण्यासाठी स्लीव्ह नावाची शस्त्रक्रिया करतात, तीत जठराचा नेमका हा वरचा भाग काढून टाकतात. ते रुग्ण तपासणीला आले की सांगतात, "डॉक्टर, पोट लहान झालं ते ठीक, पण मला जेवायची आठवणच होत नाही."

आपण म्हणतो, पोटात कावळे ओरडायला लागले. ते कावळे बऱ्याच अंशी घ्रेलिनचे. जेवणाआधी ते रक्तात चढतं, जेवण झालं की तासाभरात उतरतं. नेमाने जेवणाऱ्या माणसाच्या रक्तात ते नेमाच्याच वेळी चढतं. म्हणून रोज साडेबाराला डबा उघडणाऱ्याला सव्वाबारापासून चुळबुळ सुरू होते, समोर अन्न असो वा नसो. शिवाय घ्रेलिन जठराला हलतं ठेवतं, पुढे ढकलायला लावतं. ते कमी पडलं तर दोन गोष्टी एकदम होतात: भूक लागत नाही, आणि जे खाल्लं ते तिथेच बसून राहतं. तुमची आई म्हणते तसं, दोन घासांत पोट गच्च.

घ्रेलिन हे "वाढा" म्हणणारं हॉर्मोन. "पुरे" म्हणणारे त्याच्या समोर बरेच आहेत, आणि ते मुख्यतः आतड्यात बनतात. लहान आतड्याच्या सुरुवातीला कोलेसिस्टोकायनिन, त्याला आम्ही सीसीके म्हणतो. स्निग्ध आणि प्रथिनयुक्त अन्न पोहोचलं की ते सुटतं आणि जठराचं दार आवळून धरतं. आतड्याच्या शेवटाकडे जीएलपी-१ आणि पीवायवाय. भूक म्हणजे या दोन बाजूंची रोजची ओढाताण. जंतूंनी पेटवलेली सूज या ओढाताणीत नेमकी कुठे हात घालते, ते एच. पायलोरीत जितकं स्वच्छ बघायला मिळतं तितकं दुसऱ्या कुठल्या जंतूत क्वचितच.

आमच्या दुर्बिणीच्या खोलीतली गोष्ट सांगतो. जठरातून तिळाएवढा तुकडा काढला की आमच्या सिस्टर तो एका छोट्या पट्टीवरच्या पिवळ्या जेलमध्ये सुईने दाबून ठेवतात आणि वर वेळ लिहितात. रुग्ण अजून गुंगीत असतो. पाच-दहा मिनिटांत तुकड्याभोवती गुलाबी कडा उमटते, मग ती पसरते, मग सगळी खाच राणीकलरची होते. जेलमध्ये युरिया असतो. जंतूकडे युरियेज नावाचं विकर असतं, ते युरियाचा अमोनिया करतं, आणि अमोनियाने रंग बदलतो. कधी कधी रंग यायला तासही लागतात, तेव्हा जंतू थोडे असतात एवढंच. हाच अमोनिया अंगाभोवती गुंडाळून हा जंतू जठराच्या तेजाबासारख्या आम्लात वर्षानुवर्षं राहतो. तो मुख्यतः अस्तरावरच्या चिकट थरात असतो, फार खोल शिरत नाही. पण शरीराला तो कळतो. अस्तराच्या पेशी हाका मारतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, इंटरल्युकिन-१ बीटा, टीएनएफ अशी दाहाची रसायनं सुटतात. जंतू जात नाही, पांढऱ्या पेशीही परत जात नाहीत. लहानपणी लागलेली ही आग पन्नाशीपर्यंत मंद धुमसत असते, आणि ज्या अस्तरात ती धुमसते त्याच अस्तरात घ्रेलिनच्या पेशी बसलेल्या असतात.

हे भूक घालवतं याचा सगळ्यात धीट पुरावा एका डॉक्टरने स्वतःच्या पोटात घेतला. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हा जंतू शोधला, तो १९८२ मध्ये बशीत वाढवून दाखवला, पण अल्सर जंतूने होतो हे कोणी मानेना. १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचं ते गढूळ पाणी पिऊन टाकलं. पाचेक दिवसांनी रात्रीच्या जेवणानंतर पोट फुगायला लागलं, भूक कमी झाली, तोंडाला वास यायला लागला, आणि सकाळी उलटीतून पाण्यासारखा द्रव पडायला लागला ज्यात आम्ल नव्हतं. दहाव्या दिवशी दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यात सूज आणि जंतू दोन्ही होते. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. गोष्ट सगळ्यांना अल्सरसाठी आठवते. मला मात्र त्यातली ती दोन लक्षणं महत्त्वाची वाटतात: आम्ल बंद पडलं आणि भूक गेली. तेव्हा घ्रेलिनचा शोध लागायला अजून पंधरा वर्षं होती.

आता तुमच्या मनात येईल, मग या जंतूच्या सगळ्याच रुग्णांची भूक का जात नाही? सूज जठरात कुठे बसली आहे, यावर ते बरंच ठरतं. माझ्याकडे एक एसटी कंडक्टर यायचे. तिकिटांच्या पेटीत कायम ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. पोट रिकामं झालं की बेंबीच्या वर कुरतडल्यासारखं दुखायचं, दोन बिस्किटं खाल्ली की थांबायचं, रात्री दोनला उठून दूध प्यायचे. वजन कमी होण्याऐवजी वाढलेलं. त्यांची सूज जठराच्या खालच्या टोकाला, म्हणजे अँट्रममध्ये होती. तिथे सोमॅटोस्टॅटिन नावाचं हॉर्मोन असतं, त्याचं काम गॅस्ट्रिन या दुसऱ्या हॉर्मोनला लगाम घालण्याचं. सुजेने सोमॅटोस्टॅटिनच्या पेशी कमी होतात, लगाम सुटतो, गॅस्ट्रिन वाढतं, आम्ल वाहायला लागतं आणि पुढच्या आतड्याला जखम होते. जठराचा वरचा भाग मात्र शाबूत, त्यामुळे भुकेची पेशी शाबूत. तीच सूज वर सरकली, जठराच्या मधल्या भागात पसरली, तर चित्र उलटं होतं. आम्ल बनवणाऱ्या ग्रंथी झिजतात, अस्तर पातळ होतं, आणि घ्रेलिनच्या पेशीही त्यांच्याबरोबर कमी होतात. जंतू एकच, एका माणसाला सारखं खायला लावतो आणि दुसऱ्याचं ताट उष्टं ठेवतो. बायोप्सीच्या कागदावर अँट्रम, कॉर्पस (जठराचा मधला भाग) किंवा पॅनगॅस्ट्रायटिस (सगळ्या जठराला सूज) यातला कुठला शब्द आहे आणि अट्रोफी (अस्तराची झीज) हा शब्द आहे का, ते मला कळवा. आईची भूक का गेली याचं निम्मं उत्तर त्या दोन शब्दांत असेल.

पेशी मरतात एवढंच होतं असंही नाही. दाहाची रसायनं जिवंत पेशीलाही गप्प करतात. इंटरल्युकिन-१ बीटा आम्ल दाबतं आणि भूकही दाबतं, दोन्ही कामं जोरात करतं. उलट बाजूने, प्रयोगशाळेत असं दिसलंय की घ्रेलिन स्वतः दाह शमवणारं आहे, पांढऱ्या पेशींकडून निघणारी ही रसायनं ते कमी करतं. म्हणजे सूज घ्रेलिन कमी करते आणि घ्रेलिन कमी झालं की सुजेवरचा एक हात निघतो. यात लेप्टिनचीही भर आहे. लेप्टिन १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रिडमन यांच्या प्रयोगशाळेने शोधलं, ते चरबीतून येतं आणि भूक आवरतं. पुढे १९९८ मध्ये कळलं की थोडं लेप्टिन जठरही बनवतं, आणि एच. पायलोरीची सूज असलेल्या जठरात ते वाढलेलं असतं. "वाढा" म्हणणारा आवाज खाली आणि "पुरे" म्हणणारा वर, तेही एकाच अस्तरात.

मग जंतू मारला की घ्रेलिन परत चढतं का? लंडनमध्ये मोजक्या रुग्णांवर २००३ मध्ये झालेल्या अभ्यासात ते स्पष्ट चढलेलं दिसलं, आणि तेव्हा सगळ्यांना वाटलं की कोडं सुटलं. नंतर जपानमधून आणि इतर ठिकाणांहून आलेले निकाल सरळ नव्हते. काही रुग्णांत चढलं, काहींत तसंच राहिलं, काहींत उतरलं. मला यात आश्चर्य वाटत नाही. माणूस नीट खायला लागला, वजन भरलं, की घ्रेलिन तसंही खाली येतं; अंगावर मांस चढलं की शरीर भुकेची घंटा हळू करतं. त्यामुळे सहा महिन्यांनी काढलेल्या एका आकड्यात दोन उलटे प्रवाह मिसळलेले असतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: अस्तर किती झिजलं होतं. सूज असेल पण ग्रंथी शाबूत असतील तर भूक लवकर परतते. ग्रंथीच गेल्या असतील तर त्या परत उगवायला वेळ लागतो, आणि काही भाग परत येतच नाही.

यावरून तुमच्या हॉर्मोन तपासणीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. करू नका. घ्रेलिनचं ते कामाचं रूप रक्त काढल्यावर बाटलीतच मोडायला लागतं. नमुना लगेच बर्फात, विकरं थांबवणारं औषध घातलेल्या नळीत ठेवावा लागतो, आम्ल घालून जपावा लागतो. संशोधनात हे होतं. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरमधून दुपारच्या गाडीने शहरात गेलेल्या नळीतून आलेला आकडा तुमच्या आईबद्दल काहीही सांगणार नाही. जीएलपी-१ तर रक्तात दोनेक मिनिटांत अर्धं होतं. कोणी "गट हॉर्मोन (आतड्याचे हॉर्मोन) पॅकेज" म्हणून हजारो रुपये सांगत असेल तर ते पैसे आईच्या खाण्यावर खर्च करा.

एच. पायलोरी सोडून थोडं बाहेर येऊ, कारण घराघरात भूक मरताना दिसते ती बहुधा दुसऱ्याच जंतूंमुळे. टायफॉइड, न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, पायाची चिघळलेली जखम. इथे जंतू जठरात नसतो, तरी पहिलं लक्षण तेच: "डॉक्टर, तोंडाला चव नाही." अनेक जंतूंच्या कवचात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा घटक असतो, त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. त्याचा थोडा अंश रक्तात आला तरी शरीर सगळी चौकी-पहारे जागे करतं. उंदरांना ते टोचलं की काही तासांत रक्तातलं घ्रेलिन पडतं आणि ते खाणं सोडतात. दुसरीकडे आतड्यातल्या जीएलपी-१ च्या पेशींवर हे कवच ओळखणारी खूणच असते. आतड्याच्या अस्तराला इजा झाली आणि जंतूंचे अंश त्या पेशींना लागले की त्या जीएलपी-१ ओततात, पोटात अन्न नसतानाही. इंटरल्युकिन-६ त्यांना आणखी ढोसतं. अतिदक्षता विभागातल्या गंभीर रुग्णांच्या रक्तात जीएलपी-१ वाढलेलं सापडलंय ते याच वाटेने. वजन कमी करायची आठवड्याला एक घ्यायची जी इंजेक्शनं आज गाजतायत, ती याच जीएलपी-१ ची टिकाऊ नक्कल. ते घेणारी माणसं मळमळ, पोट भरल्यासारखं, अन्न नकोसं अशीच तक्रार करतात. तापाने पडलेल्या माणसाची तक्रार तीच असते. आजारी माणूस जेवत नाही तेव्हा तो हट्ट करत नसतो, त्याच्या शरीरात त्या इंजेक्शनची घरगुती मात्रा सुरू असते. "जबरदस्तीने दोन घास खा" म्हणणाऱ्या घरच्यांना मी हे नेहमी सांगतो, आणि आजारी माणसाच्या डोळ्यांत तेव्हा जी सुटका दिसते ती मला फार मोलाची वाटते.

शरीर असं का करतं? आपल्याकडे तापात लंघन सांगायचे, पेज-पाण्यावर ठेवायचे. १९७९ मध्ये अमेरिकेत उंदरांना लिस्टेरिया या जंतूची लागण करून नळीने जबरदस्ती अन्न भरलं, तर न भरलेल्यांपेक्षा ते जास्त मेले. २०१६ मध्ये येल विद्यापीठातल्या प्रयोगातही जंतुसंसर्गात ग्लुकोज भरणं घातक ठरलं. विषाणूच्या फ्लूमध्ये मात्र उलट, उपाशी ठेवलेले उंदीर मेले. म्हणजे भूक मरणं ही काही दिवसांसाठी शरीराने घेतलेली ढाल असू शकते. आणि काही जंतूंना ही ढाल आवडत नाही. साल्मोनेला टायफिम्युरियम या जंतूकडे एक प्रथिन आहे, ते आतड्यात इंटरल्युकिन-१ बीटा तयार होऊ देत नाही, त्यामुळे आतड्यातून व्हेगस मज्जातंतूने मेंदूकडे जाणारा "खाऊ नको" हा निरोप अडतो. कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेने २०१७ मध्ये उंदरांत हे दाखवलं. उंदीर खात राहिले, जास्त जगले, आणि विष्ठेतून जंतू जास्त पसरले. जंतूने यजमानाची भूक स्वतःच्या सोयीने राखली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री उशिरापर्यंत झोप लागली नव्हती.

पण उंदरांचा हा धडा माणसाला सरसकट लावू नका, आणि महिनोन् महिने चालणाऱ्या दुखण्याला तर मुळीच नाही. तीन दिवसांच्या तापात पेज पुरते. क्षयात सहा महिने पेज दिली तर माणूस हातचा जाईल. क्षयरोग्यांत पीवायवाय हे "पुरे" म्हणणारं हॉर्मोन वाढलेलं आणि त्याचा भूक नसण्याशी संबंध असलेला आढळलाय. म्हणजे तिथेही सूजच भूक मारते, पण ती मरू देणं परवडत नाही. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरांत शिधा देऊन झालेल्या रेशन्स या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. घरातल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाण शिधा मिळालेल्या घरांत सुमारे ३९ टक्क्यांनी कमी होतं, आणि ज्या रुग्णांचं वजन सुरुवातीच्या महिन्यांत वाढलं ते जास्त संख्येने वाचले. म्हणून तुमच्या आईच्या बाबतीत मी एक्स-रेचं पहिल्याच परिच्छेदात लिहिलं.

आता आईचं. कोर्समध्ये भूक आणखी गेली याचं नवल नाही. क्लॅरिथ्रोमायसिनने तोंड कडू होतं, मेट्रोनिडॅझोलने धातूची चव येते, बिस्मथ असेल तर जीभ आणि शौच काळं पडतं आणि माणूस घाबरतो. तरी आईने १४ दिवस पूर्ण केले हे फार चांगलं झालं. बरेच लोक सहाव्या दिवशी सोडतात आणि मग उरलेला जंतू औषधाला जुमानत नाही. जंतू गेल्यावर अस्तरातल्या ताज्या सुजेच्या पेशी काही आठवड्यांत निघून जातात, पण जुन्या सुजेच्या पेशी रेंगाळतात. वर्षभर, कधी दोन वर्षंही. त्यामुळे सहा आठवड्यांत "पूर्वीसारखं नाही" हे अपेक्षितच आहे. थोडं खायला लागली, म्हणजे दिशा बरोबर आहे.

भुकेच्या सिरपमध्ये बहुतेक वेळा सायप्रोहेप्टाडिन असतं. ते सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्यांच्या कुळातलं औषध, मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करून भूक थोडी वाढवतं. जठराच्या सुजेला ते हातही लावत नाही. आईला त्याने झोप येईल, तोंड कोरडं पडेल, शौचाला घट्ट होईल. काचबिंदू असेल तर ते घ्यायचंच नाही. ज्यांनी लिहून दिलंय त्यांच्याशी बोलून ते बंद करावं असं माझं मत आहे. आणि वजन वाढवायच्या बिनलेबलच्या पुड्या कोणी दिल्या तर घरात येऊ देऊ नका. त्यात स्टेरॉइड निघतं, भूक भसाभसा लागते, आणि सुजलेल्या चेहऱ्याला घरचे तब्येत सुधारली म्हणतात.

खाण्याचं सांगतो, कारण इथे माया आडवी येते. बारीक झालेल्या आईला आपण तुपाचा शिरा, डिंकाचे लाडू, वरून साजूक तुपाची धार असं सगळं एका जेवणात देतो. पण स्निग्ध अन्न सीसीकेला जागं करतं आणि सीसीके जठराचं दार बंद ठेवतं. आधीच मंद झालेल्या जठरावर ती दुसरी कडी. म्हणून लाडू बंद करू नका, जेवणापासून दूर न्या: चारच्या चहाऐवजी अर्धा लाडू आणि दूध. जेवणात मऊ भात, मुगाचं घट्ट वरण, मेतकूट, अंडं चालत असेल तर उकडलेलं अंडं, दही. ताट लहान घ्या, दिवसातून पाच-सहा वेळा वाढा, आणि वेळा ठरवून टाका, अगदी मिनिटाची गरज नाही पण रोज त्याच. घ्रेलिन वेळ शिकतं हे वर लिहिलंय. आईच्या जठराला ते पुन्हा शिकवायचं आहे. जेवताना पाण्याचा तांब्या बाजूला ठेवा, पाणी अर्ध्या तासाने. दोन घास उरले तर उरू द्या. ताट पुसायला लावलं की पुढच्या वेळी ताट बघूनच पोट भरतं.

बहिणीच्या प्रश्नात तथ्य आहे, पण लहानसं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल भागात निम्म्या लोकांना जंतूचं औषध आणि निम्म्यांना खोटी गोळी देऊन मोठी चाचणी झाली होती. सहा महिन्यांत तीन किलो किंवा जास्त वाढलेले लोक औषधाच्या गटात १९ टक्के आणि खोट्या गोळीच्या गटात १३ टक्के होते. सरासरीत दोन्ही गटांत फरक जेमतेम अर्धा-पाऊण किलोचा. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये असलेले संशोधक मार्टिन ब्लेझर यांनी तर मांडलं की पाश्चात्त्य देशांत हा जंतू नाहीसा होतोय आणि लठ्ठपणा वाढतोय, यांचा संबंध असू शकेल. विचार करण्यासारखं आहे, पण त्याच काळात तिथल्या खाण्यापिण्यात आणि चालण्याफिरण्यात किती गोष्टी बदलल्या! बारीक राहण्यासाठी जंतू सांभाळायचा असा अर्थ बहिणीने काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय. आईचे सहा किलो परत आले तर तो लठ्ठपणा नाही, ते तिचंच आहे.

घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची गरज मला वाटत नाही. ज्याला पोटाची तक्रार आहे, ज्याचं लोह वारंवार कमी होतंय आणि कारण सापडत नाही, किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला जठराचा कर्करोग झालाय, त्याने करावी.

आता एकच तपासणी उरली आहे, आणि ती बहुतेक जण विसरतात: जंतू खरंच गेला का. भूक सुधारली यावरून ते कळत नाही. रक्तातली अँटिबॉडी तपासू नका, ती जंतू गेल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते. श्वासाची युरिया तपासणी करा, युरिया प्यायला देतात आणि थोड्या वेळाने पिशवीत फुंकायला सांगतात. किंवा शौचातली अँटिजेनची. अँटिबायोटिक संपून चार आठवडे व्हायला हवेत, ते तुमचे झालेत. पण पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल यांपैकी आम्लाची गोळी आई अजून सकाळी घेत असेल तर ती डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी बंद करा, नाहीतर जंतू असून निगेटिव्ह येईल. मधल्या काळात जळजळ झाली तर साधं पातळ अँटासिड चालतं.

आणि वजन. दर रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर, वहीत तारखेसकट. पुढच्या दोन महिन्यांत आकडा ४६ च्या वर हळूहळू चढत असेल तर मला काळजी नाही. तिथेच अडकला, किंवा खाणं सुधारूनही खाली आला, किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, घास गिळताना अडकायला लागला, उलटी थांबेना, तर वही आणि बायोप्सीचा कागद घेऊन त्याच आठवड्यात दुर्बिणीच्या डॉक्टरांकडे परत जा. तेव्हा तिसऱ्या महिन्याची वाट बघू नका.